पहिलीच्या पोराला वाचायला नक्की शिकवायचं कोणी?

संध्याकाळचे साडेसात-आठ वाजले की शाळेच्या कुठल्याही पालक ग्रुपवर एकच सुरू होतं, उद्याचं डिक्टेशन कोणतं आहे, कोणीतरी पान पाठवा ना प्लीज, आमच्या साहेबांनी डायरीत काही लिहूनच आणलं नाहीये. मग कोणीतरी वहीचा तिरका, निम्मा अंधारातला फोटो टाकतं, त्यात वीस शब्द असतात आणि पुढचा तासभर घराघरात सहा वर्षांचं पोर विरुद्ध दिवसभर दमलेली आई असा सामना रंगतो. "बोल, बिकॉज. बी, ई... पुढे? अरे पुढे काय? काल तर येत होतं!" पोर रडायला लागतं, आई रडकुंडीला येते, बाबा आतून ओरडतात की त्याला मारू नकोस हां, आणि परत मोबाईलमध्ये डोकं घालतात. हे इतकं सवयीचं झालंय की यात काही चुकतंय असं कोणाला वाटतच नाही.

मला वाटतं, आणि चांगलंच चुकतंय असं वाटतं. वाचायला शिकवणं हे शाळेचं काम आहे. घराचं काम म्हणजे शाळेत जे शिकलंय ते रोज थोडंसं वापरायला लावणं, तेही घरात जी भाषा चालते तिच्यात आधी. एवढी साधी वाटणी आहे खरं तर, पण आता त्याची अशी सरमिसळ झालीय की शाळा शिकवायचं काम घरी पाठवते, घराला ते जमत नाही म्हणून घर ते ट्यूशनला पाठवतं, आणि ट्यूशनवाल्या मॅडम ते पाठांतर करून परत शाळेत पाठवतात. पोर मात्र वाचायचं ते वाचतच नाही.

आता गंमत बघा. केंद्र सरकारचं 2020 चं स्कूल बॅग धोरण आहे, सगळ्यांना त्यातलं दप्तराचं वजन तेवढं माहितीय कारण पेपरात तेच छापून आलं. त्याच धोरणात लिहिलंय की दुसरीपर्यंत गृहपाठच देऊ नये, आणि तिसरी ते पाचवीला आठवड्याला जास्तीत जास्त दोन तास. आठवड्याला, दिवसाला नाही. आणि पहिली-दुसरीच्या पोरांना घरचं काम द्यायच्या ऐवजी संध्याकाळ कशी गेली, काय खेळलात, काय खाल्लंत यावर वर्गात बोलतं करा असं सुचवलंय. आता तुमच्या ओळखीतली एक तरी शाळा सांगा जिथे हे पाळतात. इथे लोअर केजीच्या चार वर्षांच्या पोराला कर्सिव्हमध्ये दोन पानं असतात.

पण सगळं खापर शाळेवर फोडून पण चालणार नाही. एखाद्या शाळेने खरंच गृहपाठ बंद केला तर सगळ्यात आधी तक्रार घेऊन कोण जातं? आपणच. "मॅडम, वही कोरीच येते हो, शिकवता की नाही?" वही भरलेली दिसली की फी वसूल झाल्यासारखं वाटतं. वाचन वहीत दिसत नाही ना, तो प्रॉब्लेम आहे. पोराने वर्गात वीस मिनिटं एखादी गोष्ट अडखळत वाचली, तर त्याचा काही पुरावा घरी येत नाही. पुस्तकातलं पान जसंच्या तसं उतरवून काढलं की पुरावा येतो, खाली लाल पेनाने 'छान' आणि एक स्टार. आणि पान उतरवायला वाचता यावं लागत नाही, हे पहिल्या बाकावरच्या कुठल्याही पोराला विचारा, एक अक्षर बघायचं, काढायचं, पुढचं बघायचं, काढायचं, मधेच ओळ चुकली तरी त्याला कळत नाही कारण ते वाक्य म्हणून त्याने बघितलेलंच नसतं.

आमच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या एक ताई आहेत, सिन्नरकडच्या, नववीपर्यंत मराठी शाळेत शिकलेल्या. मुलगी पहिलीत, इंग्लिश मीडियमला. शाळा काही फार मोठी नाही, तीन मजली बिल्डिंगमध्ये वरचे दोन मजले, पण फी त्यांच्या मानाने भरपूर. सुट्टीच्या दिवशी मुलगी सोबत येते. एकदा ओट्यापाशी बसून ती स्पेलिंगं म्हणत होती, आरतीच्या चालीत आणि आरतीच्याच स्पीडने, बी-ई-ए-यू-टी-आय-एफ-यू-एल ब्यूटिफुल, टी-यू-ई-एस-डी-ए-वाय ट्यूसडे, एकही चूक नाही. मी सहज भिंतीवरच्या बँकेच्या कॅलेंडरवर ट्यूसडेवर बोट ठेवलं आणि विचारलं, हे काय लिहिलंय? ती बघत राहिली, मग म्हणाली थर्सडे. टी दिसला ना, म्हणून. आणि खाली मराठीत बँकेचं नाव होतं त्यातलं 'सहकारी' विचारलं तर 'स' म्हणाली, 'ह' म्हणाली, आणि माझ्याकडे बघून हसली, 'का' कुठून येणार, काना अजून शाळेत झालाच नाही म्हणे, मराठीचा तास आठवड्यातून तीनदा. ताई मला म्हणाल्या, "वहिनी, मला इंग्लिश येत असतं तर मीच घेतला असता तिचा अभ्यास. आता ट्यूशनला पाचशे रुपये देते." म्हणजे मुलगी हुशार आहे, आई शिकलेली आहे, शिकवायची इच्छा आहे, आणि तरी त्या घरात मुलीच्या अभ्यासातलं एक अक्षर आईच्या उपयोगाचं नाही, आणि हे आपण ठरवून केलंय.

म्हणून मी म्हणते, हा फक्त पालकत्वाचा, म्हणजे मुलाला वेळ द्या वगैरे टाईपचा प्रश्न नाहीये, हा सार्वजनिक प्रश्न आहे. शाळेने जेवढं शिकवणं घरावर ढकललं तेवढा फायदा ज्याच्या घरात इंग्रजी येणारी, वेळ असलेली, न वैतागणारी आई आहे त्याला. करोनात हे उघडंच पडलं. 2020 मध्ये शाळा बंद असताना प्रथम या संस्थेच्या लोकांनी फोनवरून असरचा, म्हणजे गावाकडच्या मुलांच्या शिक्षणाचा, सर्व्हे केला होता, त्यात जास्त शिकलेल्या आईबापांच्या मुलांपैकी नव्वद टक्क्यांच्या आसपास मुलांना घरून अभ्यासात मदत मिळत होती, आणि अगदी कमी शिकलेल्यांच्या घरात निम्म्याहून थोड्याच जास्त मुलांना. तो तरी महामारीचा काळ होता, आता शाळा सुरू आहेत, मग अजून पण घर कसलं आहे त्यावर पोराचं वाचन का ठरावं? 2022 च्या असरमध्ये ग्रामीण भागातली पहिली ते आठवीची जवळपास 30 टक्के मुलं पैसे भरून ट्यूशनला जात होती. ग्रामीण भागातली, हे लक्षात घ्या.

आणि एवढं सगळं करून हातात काय? असर 2024 मध्ये देशातल्या ग्रामीण तिसरीच्या मुलांपैकी साधारण 27 टक्के मुलांना दुसरीच्या पातळीची गोष्ट वाचता आली. 2018 ला पण तेवढाच आकडा होता, मधे करोनानंतर 20 वर घसरला आणि परत जागेवर आला. जागेवर येणं याला आपण प्रगती म्हणतोय. हा सर्व्हे शाळेत जाऊन करत नाहीत, घरी येऊन करतात, अंगणात बसवून मुलाच्या हातात एक कागद देतात, अक्षरं, मग शब्द, मग छोटा परिच्छेद, मग गोष्ट. आई शेजारी उभी असते. कित्येक आयांना तेव्हा पहिल्यांदा कळतं की आपलं तिसरीतलं पोर, ज्याची वही छान भरलेली आहे, त्याला चार ओळी वाचता येत नाहीत.

आता मुद्द्याचं बोलू, स्पेलिंग पाठ केल्याने वाचन का येत नाही. सी-ए-टी ही अक्षरांची नावं आहेत, ती जोडली तर 'सीएटी' होतं, कॅट होत नाही. कॅट व्हायला क्, ॲ, ट् हे आवाज जोडावे लागतात. फोनिक्स फोनिक्स म्हणून जे चाललंय, ज्याचे क्लासेस आता प्रत्येक कॉलनीत आहेत, ते मुळात एवढंच आहे, आवाज आणि अक्षर यांची गाठ घालणं. इंग्लंडमध्ये 2012 पासून पहिलीतल्या सगळ्या मुलांची एक छोटी चाचणी घेतात, चाळीस शब्द वाचायचे, त्यातले वीस चक्क खोटे शब्द, ज्यांना काही अर्थच नाही. का, तर पाठांतराने ते येणारच नाहीत, पोराला खरंच अक्षरं फोडून वाचता येतंय का ते तिथे कळतं. मला ही आयडिया जाम आवडते. घरी मराठीत करून बघा, 'गुमटा', 'झिपकू', 'तोळवा' असलं काहीतरी कागदावर लिहा आणि पोराला वाचायला लावा. हसून हसून लोळतात पोरं, आणि तुम्हाला दोन मिनिटांत कळतं गाडी कुठे अडलीय.

आणि इथेच आपल्याकडे केवढी मोठी सोय आहे ते बघा. आपल्या लिपीत अक्षराचं नाव म्हणजेच त्याचा आवाज, म ग र ओळीने म्हटलं की मगर झाली. जुन्या मास्तर लोकांनी पहिल्यांदा अआइई न शिकवता ग म भ न पासून सुरुवात केली ती उगाच नाही, काढायला एकासारखी एक अक्षरं, आणि चार अक्षरं आली की लगेच मग, नभ, गमन असे शब्द वाचता येतात, पोराला पहिल्याच आठवड्यात वाटतं की आपण वाचतोय. अक्षरं जोडून शब्द होतो ही एकदा डोक्यात बसलेली गोष्ट परत दुसऱ्या भाषेसाठी पहिल्यापासून शिकावी लागत नाही, नवीन अक्षरं आणि त्यांचे नखरे तेवढे शिकायचे. म्हणून मराठी वाचता येण्याच्या आधी इंग्रजी स्पेलिंगं घोकून घेणं मला उलटं वाटतं.

पण म्हणून मराठी एकदम सोप्पी, पंधरा दिवसात येते, असं जे लोक छाती फुगवून सांगतात त्यांनी जरा पहिलीच्या वर्गात जाऊन बसावं. 34 व्यंजनं गुणिले बाराखडी म्हणजे चारशेच्या वर आकृत्या झाल्या, त्यात जोडाक्षरं धरलीच नाहीत. र एकटाच बघा किती छळतो, सूर्यमधला डोक्यावर, चक्रमधला पोटात, ट्रकमधला पायाखाली, आणि दर्या आणि दऱ्या हे शब्द शेजारी शेजारी लिहून द्या, मोठी माणसं पण थबकतात. चाकातला च वेगळा आणि चारातला वेगळा, लिहायला एकच. ऱ्हस्व दीर्घ तर बोलताना आपण धड पाळतच नाही, मग ऐकून पोर कसं लिहिणार? लिपी शिकायला अख्खी पहिली-दुसरी, काही मुलांना तिसरी पण लागते, आणि त्याला वर्गात रोजचा भरपूर वेळ लागतो. 2011 ते 2016 मध्ये पालघरच्या वाड्यात आणि कर्नाटकातल्या यादगीरमध्ये मराठी-कन्नड शाळांतल्या पोरांचं वाचन कसं घडतं यावर एक मोठा अभ्यास झाला होता, वर्षानुवर्षं वर्गात बसून केलेला, त्याचं म्हणणं थोडक्यात हेच की वर्गात मुळाक्षरं आणि उतरवून काढणं यावर दिवस जातात, आणि पोराला स्वतः अर्थ लावून वाचायला, स्वतःच्या मनाचं लिहायला फारच कमी मिळतं.

शुद्धलेखनावर एक वेगळं बोलायचंय आणि इथे बरेच लोक चिडतील. मराठी साहित्य महामंडळाचे नियम अठरा आहेत, चौदा 1962 चे आणि चार 1972 चे. ते नियम असावेत, पाळावेत, माझं काही म्हणणं नाही. पण पहिली-दुसरीच्या पोराने स्वतःच्या मनाने दोन ओळी लिहिल्या, 'आज पाउस आला मी भीजलो', तर त्यावर लाल पेन चालवू नका. त्याने भिजल्याचं लिहिलंय, तुम्ही वेलांटी बघताय. पोराला पा, उ, स हे तिन्ही आवाज पकडता आले, 'भी' मध्ये ई ऐकू आली, हे केवढं मोठं काम आहे. तिसरीपर्यंत वेलांटी-उकारासाठी मार्क कापूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे, पुढे शिकवा की, आणि शिकवताना अठराच्या अठरा नियम नाही, एक घ्या. मूल पण मुलाला, फूल पण फुलाला, गरीब पण गरिबाला. शब्द पुढे लांबला की आधीचा दीर्घ ऱ्हस्व होतो, हे पोरांना खेळात पटकन समजतं, त्यांना स्वतः असे शब्द शोधायला मजा येते. वीस शब्द पाच पाच वेळा लिहून काढण्यापेक्षा असे पाच शब्द शोधणं कधीही भारी.

मग घरी करायचं काय? फार नाही, दहा-पंधरा मिनिटं, आणि ती पण जेवायच्या आधी, झोपेला आलेल्या पोराला वाचायला बसवू नये. एक ओळ त्याने एक ओळ तुम्ही, बोट शब्दाखाली, आणि अडला की लगेच सांगू नका. हे सगळ्यात अवघड आहे, आपल्या जिभेवर शब्द येऊन थांबलेला असतो. मनात पाचपर्यंत मोजा, बहुतेक वेळा तो चारला वाचतो. नाहीच जमलं तर अर्धा शब्द झाकून अर्धा वाचायला द्या. तेच तेच पुस्तक दहाव्यांदा घेऊन आला तरी घ्या, लोक म्हणतात अहो त्याला ते पाठ झालंय, तो वाचत नाहीये, तर होऊ दे ना, पाठ असलेल्या ओळीवर बोट फिरवताना कधीतरी डोळ्याला कळतं की हा 'आणि' सगळीकडे सारखाच दिसतो. आणि वाचून झालं की प्रश्नोत्तरं नको, बोध काय घेतला तर अजिबातच नको, गप्पा मारा फक्त, तो कोल्हा असं का वागला असेल रे, तू काय केलं असतंस.

लिहायला खरं काम द्या. किराणाची यादी हे जगातलं बेस्ट डिक्टेशन आहे, साखर, मीठ, पोहे, तूरडाळ, शेंगदाणे. शेंगदाणेतला अनुस्वार विसरला तर दुकानदार काका हसतील, तेवढी शिक्षा पुरे. बाहेर पडलात तर पाट्या आहेतच, एसटीचा बोर्ड, नाशिक-पुणे विनाथांबा, दोन सेकंदात वाचला पाहिजे नाहीतर बस गेली, यापेक्षा चांगली स्पीडची प्रॅक्टिस कुठे मिळणार. 2022 ला राज्याने कायदा बदलून छोट्या दुकानांना पण मराठी पाटी सक्तीची केली त्यावरून केवढे वाद झाले, पण पहिलीच्या पोरांची त्यात चांदी झाली हे कोणी बोलत नाही. मोबाईल रिपेअरिंग, हेअर कटिंग सलून, फॅमिली रेस्टॉरंट अँड बार, सगळं देवनागरीत, आणि सगळे शब्द पोराच्या ओळखीचे. बार म्हणजे काय विचारेल, ते तुमचं तुम्ही बघा.

आणि यातलं सगळंच्या सगळं त्या सिन्नरच्या ताईंना जमण्यासारखं आहे, नववी कशाला, चौथी शिकलेल्या आईला जमेल. ज्या आईला अजिबात वाचता येत नाही ती पण पोराला म्हणू शकते, मला वाचून दाखव, मला येत नाही. कित्येक पोरं यावर एकदम रंगात येतात. महाराष्ट्रात 2022 मध्ये 'पहिले पाऊल' म्हणून शाळापूर्व तयारीचं अभियान झालं, त्यात गावोगावी माता गट केले होते, पाच-सहा आया एकत्र बसायच्या, एक लीडर माता, मोबाईलवर आयडिया यायच्या आणि घरातल्याच वस्तू घेऊन मुलांकडून करून घ्यायच्या, भाज्या वेगळ्या करा, गोष्ट सांगा, चित्रावर बोला. मला त्यातलं आवडलं ते हे की आईला जे येतं तेच तिच्याकडे मागितलं. कोणी तिला सायलेंट लेटर शिकवायला सांगितलं नाही.

यावर लोक मला विचारतात ते दोन प्रश्न अगदी बरोबर आहेत. पहिला, शाळेवर सोडलं आणि शाळेने शिकवलंच नाही तर? तिसरीत गेल्यावर कळलं तर आम्ही काय करायचं? खरं आहे, म्हणून सोडायचं नाही, विचारायचं. पालक मीटिंगमध्ये आपण युनिफॉर्म, व्हॅन, गॅदरिंगचे पैसे यावर तासभर बोलतो. विचारा ना, माझं पोर आठवड्यातून किती वेळा तुमच्यासमोर एकट्याने मोठ्याने वाचतं? सरकारने स्वतः 2021 ला निपुण भारत हे लहान मुलांच्या लिहिण्या-वाचण्याचं अभियान आणलं, त्यात दुसरीच्या शेवटी पोराने मिनिटाला 45 ते 60 शब्द समजून वाचावेत असं लक्ष्य लिहिलंय. मला ते स्टॉपवॉच लावून वाचायला लावणं फारसं आवडत नाही, पोरं धापा टाकत वाचतात, पण पालक म्हणून हातात धरायला एक आकडा आहे तो वापरा. बाई म्हणतील चाळीस पोरं आहेत वर्गात, निवडणुकीची कामं, ऑनलाईन माहिती भरायची, वाचून कधी घेऊ. त्यांचं पण खोटं नाही. पण मग भांडण बाईंशी नको, शिक्षकांना कारकून करणाऱ्यांशी करू, दोघं मिळून. ते सोडून आपण काय करतो, गपचूप ट्यूशन लावतो, म्हणजे शाळेला कळतच नाही की तिचं काम दुसरं कोणीतरी करतंय.

दुसरा प्रश्न इंग्रजीचा. तुम्हाला मराठीचे पुळके, तुमची मुलं कुठे शिकली? हा टोमणा ठरलेला असतो. ऐका, इंग्रजी हवंच आहे, ताई पाचशे रुपये काय हौस म्हणून देत नाहीत, त्यांना माहितीय इंग्रजी नाही आलं तर मुलगी पण धुणीभांडीच करणार. त्यांना कोणी मातृभाषेचं महत्त्व सांगायला जाऊ नये. माझं म्हणणं फक्त क्रमाचं आहे. आणि मुलगी इंग्लिश मीडियमला असेल तरी घरी मराठी वाचायला कोणी अडवलंय? इंग्रजीची ती पंधरा मिनिटं मराठीला दिली तर निदान एका भाषेत तरी पोर वाचतं होईल, आणि त्या भाषेत चुकलं तर आईला कळेल, हे महत्त्वाचं. 2025 मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा यावरून राज्यभर केवढा गदारोळ झाला, एप्रिलमध्ये जीआर आला, जूनमध्ये बदलला, 29 जूनला दोन्ही रद्द केले. माझा पण विरोधच होता. पण त्या सगळ्या टीव्हीवरच्या चर्चांमध्ये तिसरीतल्या पोराला पहिली भाषा तरी वाचता येते का, हे विचारणारा माणूस मला काही दिसला नाही.

मधेच एक सांगून ठेवते, सगळ्याच मुलांना नुसत्या प्रॅक्टिसने वाचता येत नाही. भ आणि म, घ आणि ध उलटसुलट होणं पहिलीत नॉर्मल आहे, दुसरीत पण होतं. पण रोज वाचून घेऊनही दुसरीच्या शेवटी पोर साधे शब्द फोडू शकत नसेल, बोलायला मात्र एकदम चुणचुणीत असेल, तर अजून पानं लिहायला लावणं हा त्याच्यावर अन्याय आहे, त्याला तपासून घ्या. डिस्लेक्सिया, म्हणजे मूल हुशार असूनही वाचणंच अवघड जाणं, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे, आपल्या राज्यात बोर्डाच्या परीक्षेत सवलती नव्वदच्या दशकापासून आहेत. मराठीतून तपासायची सोय पण आहे, राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने डाली नावाची चाचणी हिंदी, मराठी, कन्नड आणि इंग्रजीत केलीय. पण आपल्याकडे आधी आळशी ठरवतात, मग मोबाईल जास्त बघतो म्हणतात, मग ट्यूशन बदलतात, आणि पाचवी-सहावीत कोणीतरी म्हणतं डॉक्टरला दाखवा.

आता राहिला पुस्तकांचा विषय, कारण वाचा वाचा म्हणायचं आणि वाचायला पाठ्यपुस्तकच द्यायचं हा पण एक विनोदच आहे. ते पुस्तक म्हणजे पोरासाठी अभ्यास. फोनवर फुकट चिक्कार आहे, बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे 1971 पासूनचे जुने अंक ऑनलाईन आहेत, प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या वेबसाईटवर मराठी गोष्टी पातळीप्रमाणे लावलेल्या आहेत, अगदी एका पानाला एक वाक्यवाल्या पण. पण फोनवर पोर गोष्ट उघडतं आणि चौथ्या मिनिटाला कार्टूनमध्ये असतं, हातात पुस्तक पाहिजे. आणि पुस्तकं नाहीत असंही नाही. जिल्हा परिषदेच्या कितीतरी शाळांत गोष्टीच्या पुस्तकांचा गठ्ठा आलेला असतो, छान रंगीत, कपाटात, कुलपात. ऑफिसमधलं कपाट, किल्ली मुख्याध्यापकांकडे. विचारलं की सांगतात, अहो पोरं फाडतात, हरवतात, ते साठा रजिस्टरला आहे, उद्या तपासणीत कमी भरलं तर माझ्याकडून वसूल करतील. 15 ऑक्टोबरला वाचन प्रेरणा दिनाला कपाट उघडतं, पुस्तकं टेबलावर मांडतात, फोटो काढून ग्रुपवर टाकतात आणि परत आत.

मला मुख्याध्यापकांचा राग येत नाही, रजिस्टरची भीती खरी आहे. पण मग शिक्षण विभागाने एक साधा कागद काढावा की पहिली ते तिसरीची गोष्टीची पुस्तकं ही वापरून संपायचीच वस्तू आहे, खडू जसा संपतो तसा, वर्षाला अमुक एक भाग फाटला-हरवला तर मुख्याध्यापकाने सही करून काढून टाकावा, कोणाकडून वसुली नाही. आणि दर शुक्रवारी प्रत्येक पोराने एक पुस्तक घरी न्यायचं, सोमवारी आणायचं. प्रायव्हेट शाळांनी पण हेच करावं, तेवढ्या फीमध्ये वर्गाला चाळीस पातळ पुस्तकं सहज येतात, आणि त्यातली निम्मी मराठी ठेवा, म्हणजे शनिवारी घरी आईला पण वाचता येतील. पुढच्या पालक मीटिंगला व्हॅनच्या आधी हा विषय काढा, मी तर काढणारच आहे.